सोडणाने घासलेली गाडी

आमच्या घरात घासण्याचं काम दोघांकडे होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, लाकूड घासायचे आणि आई भांडी घासायची. आप्पांचा धंदाच पॉलिशचा. लोकांची कपाटं, देव्हारे, शिसवी पलंग, नव्या घरांचे दरवाजे. स्पिरिटमध्ये लाख भिजत घातलेली बरणी आमच्या ओटीवर कायम असायची. त्या वासाची मला इतकी सवय झाली होती की मामाकडे राहायला गेले की तिथल्या हवेतच काहीतरी कमी आहे असं वाटायचं. आईचं घासणं मागच्या पडवीत, माडाच्या बुंध्याशी. पितळेला आधी आमसूल, मग चुलीतली राख, मग नारळाचं सोडण, म्हणजे वरचं काथ्याचं साल, आणि मग अशी खर्र खर्र सुरू व्हायची की रत्नागिरीतल्या आमच्या मांडवीच्या समुद्राचा आवाज त्यात बुडून जायचा. आमच्या घागरीत बघून वेणी घालता येते, असं आळीतल्या बायका म्हणायच्या आणि आईला ते आवडायचं. दोघांचा वाद कायमचाच होता. आप्पांचं म्हणणं, हात हलका ठेवावा, चकाकी आपोआप वर येते. आईचं म्हणणं, जोर लावल्याशिवाय कुठला मळ गेलाय आजवर. "तुझ्या तावडीत देव सापडला तर त्याचंही नाक झिजवशील," असं आप्पा म्हणायचे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. आमच्या देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला नाक जवळजवळ उरलंच नव्हतं.

माझा मोठा भाऊ, भाई, बोटीवर होता. परदेशी मालबोटींवर खलाशी. एका सुट्टीत त्याने जुनी फियाट घेतली. काळसर निळी, गोल पाठीची, आमच्या आळीतली पहिली गाडी. तिच्यासाठी त्याने अंगणाच्या कडेला माडाच्या विणलेल्या झापांचा मांडव घातला आणि आईच्या जुन्या लुगड्यांची खोळ शिवून घेतली. बोटीवरून आलेला माणूस चार दिवस झोपतो. भाई पहाटे उठून गाडी धुवायचा. आधी नुसतं पाणी, भरपूर, मग जुन्या बनियनचा तुकडा. कोरडं फडकं कुणी लावलं तर त्याचा जीव जायचा. "ही आपली लाल धूळ म्हणजे पॉलिशपेपर हाय," तो बोलायचा, "गाडीवर धूळ बसली तर बसू दे. पुसायची नाय." गाडी घेतल्यावर पहिल्यांदा आम्ही जवळच्या पावस गावी गेलो तेव्हा आईने गाडीत पाय टाकण्याआधी चपला बाहेर काढून ठेवल्या, देवळात शिरताना काढतात तशा. त्या मांडवीच्या रस्त्यावर तशाच राहिल्या. पावसला उतरताना तिच्या लक्षात आलं आणि ती दिवसभर अनवाणी फिरली, तापलेल्या कातळावरून. भाई हसून हसून स्टेअरिंगवर पडला होता. संध्याकाळी परत आलो तेव्हा चपला होत्या तिथेच होत्या. कुणीतरी त्या कडेला नीट जोडून ठेवल्या होत्या, एवढंच.

त्या वर्षी भाई गणपतीला येणार होता. बोटीवरच्या माणसाची सुट्टी गणपतीला जमणं म्हणजे नशीबच, त्यामुळे श्रावण लागल्यापासून आईच्या अंगात वारं शिरलं होतं. हळदीची पानं कुणाकडून आणायची, घावण्यांना तांदूळ कुठला, नारळाच्या रसात गूळ घालायचा की साखर, सगळं तिचं ठरलेलं. गणपतीच्या आधी कोकणात घर वरून खालपर्यंत घासतात. समया, ताम्हनं, पाट, चौरंग. मी कॉलेजातून आले तेव्हा भांड्यांचा ढीग उन्हात उपडा घातला होता आणि भांड्यांच्या पलीकडे आई गाडी घासत होती.

खोळ बाजूला पडली होती. तीन महिन्यांच्या पावसात लुगड्यांच्या खाली ओल धरून गाडीवर पांढरी बुरशी चढली होती, आणि झापांचं तपकिरी पाणी गळून टपावर ओघळ उठले होते. आईने ते पाहिलं आणि तिला राहवलं नाही. ताम्हनं घासून उरलेली राख होती, सोडण हातात होतं. तिने टप घासला, बॉनेट घासलं, दारं घासली, मागची डिकी घासली, पदर खोचून, अंग टाकून, गोल गोल हात फिरवत. मी पोचले तेव्हा ती शेवटची घागर गाडीवर ओतत होती. ओली गाडी अशी चमकत होती की मलाही ती नवी वाटली. "बघ गो बाय," आई म्हणाली, "ह्याला म्हणतात घासणं. भाई बघतच राहील." तिच्या कपाळावर राखेचा पट्टा होता आणि दमून तिचे ओठ सुकले होते. इतकी खूश मी तिला नंतर कधी पाहिली नाही.

ओल्या रंगावर चरा दिसत नाही. पाणी त्यात भरलेलं असतं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ऊन वर आलं, पाणी सुकत गेलं आणि बॉनेटवर आधी एक पांढुरकी झाक आली, मग टपावर, मग दारांवर. जवळ गेले तर गोल चरे. हजारो. बॉनेटवर सूर्याचा ठिपका पडला होता आणि त्याच्याभोवती चरेच चरे, कोळ्याच्या जाळ्यासारखे. गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की आपण डावीकडे सरकलो की सूर्याचा ठिपका डावीकडे सरकायचा आणि जाळं त्याच्याबरोबर यायचं. आई गाडीभोवती फिरत राहिली, कुठून तरी ते दिसणार नाही म्हणून. जिथे ती उभी राही तिथे तिच्या समोर जाळं. मग तिने घरातून खोबरेल आणून चोळलं. चरे गेले. आम्ही दोघींनी श्वास सोडला. तासाभरात तेलावर धूळ बसली आणि ती पुसायला गेलो तर चरे आणखी वाढले. आई पायरीवर बसली. "हात मोडो माझ्या मेलीचा," एवढंच म्हणाली आणि आपल्याच हाताकडे बघत राहिली.

आप्पा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावसहून परतले. तिथे एका बागायतदाराच्या घराचे दरवाजे करत होते. त्यांनी गाडी पाहिली. त्यांना एक शब्दही सांगावा लागला नाही, सोडणाचा हात ते वीस पावलांवरून ओळखायचे. मला वाटलं आता आकाश फाटेल. आप्पा बोटाने बॉनेटवर एक रेघ चाचपत म्हणाले, "गणपतीला अजून वेळ हाय. काढू." आई म्हणाली, "त्याला सांगू नका हां." आप्पा म्हणाले, "मी कशाला सांगतोय."

गावातल्या गॅरेजात हुसेनचाचा म्हणून गाड्या रंगवणारे होते, आप्पांचे जुने दोस्त. त्यांनी रबिंगचा, म्हणजे रंग घासायच्या बारीक रवाळ मलमाचा, डबा दिला आणि एक गोष्ट समजावून दिली, जी मी आजही विसरले नाही. चरा भरत नाही. चऱ्याच्या भोवतीचा सगळा रंग घासून घासून त्याच्या पातळीला खाली आणायचा, मग चरा दिसत नाही. म्हणजे नीट दिसावं म्हणून सगळ्यानंच थोडं थोडं झिजायचं. आप्पांना ते पटकन कळलं. त्यांना प्रश्न पडला तो वेगळाच. लाकडाला रेषा असते, हात रेषेच्या बाजूने न्यायचा. पत्र्याला रेषा नाही, मग हात कुठल्या बाजूने? दोन दिवस त्यांनी त्यावर विचार केला असेल. मग म्हणाले, "पुढून मागे. गाडी चालताना वारा जातो तसा."

सकाळी ऊन पत्र्यावर यायच्या आत काम चालायचं. पाऊस आला की खोळ टाकायची, गेला की काढायची. मलमलीत कापूस बांधलेली आप्पांची पोटली, तिच्यावर रबिंग, थोडं पाणी, आणि तळहाताएवढी जागा घ्यायची. पुढून मागे, पुढून मागे, न दाबता. पोटलीला निळा रंग लागायचा. मग मऊ फडक्याने पुसायचं, मग मेण, मग पुन्हा पुसायचं. एका दाराला दोन-तीन सकाळी जायच्या. आमच्या दोरीवर तेव्हा निळी फडकीच फडकी वाळत असायची. आईने पहिल्याच दिवशी पोटली मागितली. आप्पांनी दिली नाही. ती आप्पांसाठी चहा करायची, कुळथाचं पिठलं आणि भात गाडीपाशी आणून द्यायची आणि तिथेच उकिडवी बसून त्यांच्या हाताकडे बघायची. शेवटी आप्पांनी तिला पुसायचं फडकं दिलं. "जोर करू नकोस," ते म्हणाले. "झोपलेल्या पोराच्या अंगावरून हात फिरवतेस ना, तेवढाच." आईने तसा फिरवला. मग तिच्या हातातलं फडकं कुणी काढून घेतलं नाही.

फोन समोरच्या वाण्याच्या दुकानात यायचा. बोट बंदराला लागली की भाई फोन करायचा आणि वाण्याचा मुलगा रस्त्यातूनच ओरडायचा. त्या दिवशी आम्ही तिघंही धावलो. टप झाला होता, बॉनेट झालं होतं, उजवी बाजू पुरी झाली होती. आईने फोन घेतला. जेवतोस का, थंडी आहे का, कधी निघणार. फोनमधला भाईचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता, तो नेहमीच ओरडून बोलायचा. "आणि आई, माझी गाडी बरी हाय ना?" आईने माझ्याकडे पाहिलं. मग फोनला दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "बरी आहे हो. झाकलेली आहे. कोण हात लावतंय तिला." आणि फोन आप्पांच्या हातात देऊन ती पायरीवर जाऊन उभी राहिली, पदर तोंडाला लावून. आप्पा दुकानाकडे पाठ करून हळू आवाजात काहीतरी बोलले. मग जरा हसलेही. आईला ते दिसलं नाही. मला दिसलं, पण बापलेकांचं काहीतरी असेल म्हणून मी सोडून दिलं.

हल्ली रत्नागिरीतही गाड्यांना चकाकी आणून देणारी दुकानं निघाली आहेत. माझ्या मुलाने नवी काळी गाडी तिथे दिली होती. तिथल्या पोराने हातात दिवा धरून मला ते गोल चरे दाखवले, जणू मी काही नवीन बघतेय. म्हणाला, "काकी, मशीन मारली की एका दिवसात साफ." मी म्हटलं, मार बाबा. माझ्या मुलाला वाटलं मला कंटाळा आला म्हणून मी बाहेर जाऊन उभी राहिले.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात बोटीच्या कंपनीचा माणूस मुंबईहून आला. पायजमा वर करून आप्पा डाव्या बाजूच्या पुढच्या दाराशी बसले होते, हात निळे. त्या माणसाने आधी पाणी मागितलं आणि ते न पिता भांडं हातात धरून सांगितलं की वादळात डेकवर काम करताना लाट आली, भाई वाहून गेला, शोध घेतला, मिळाला नाही. आई आतून "कोण आलंय हो?" असं विचारत बाहेर आली. मी ते सगळं सांगणार नाही. एवढंच सांगते की त्या वर्षी आमच्याकडे गणपती आला नाही. घासलेल्या समया तशाच फडक्यात बांधून माळ्यावर गेल्या. दर्भाचा पुतळा करून आप्पांनी त्याला अग्नी दिला, कारण द्यायला दुसरं काही नव्हतं. हळदीची पानं कुणीतरी दारात आणून ठेवली होती, ती तिथेच सुकली.

लोकांना वाटलं आई पोराच्या दुःखाने मुकी झालीय. ती मुकी नव्हती, मला रात्रंदिवस एकच सांगायची. "मी त्याच्याशी खोटं बोलले. शेवटचं बोलले ते खोटं बोलले." दुपारी डोक्यावर ऊन आलं की ती जाऊन खोळीचं टोक उचलायची आणि गाडीच्या डाव्या बाजूसमोर बसायची. उजव्या बाजूला काही दिसत नव्हतं. डावी दारं आणि डिकी तशीच होती, सूर्य आणि त्याच्याभोवती तिचा हात. आप्पांनी पोटली पुन्हा उचलली नाही. धंद्याचीही उचलली नाही बरेच दिवस, बरणीतल्या स्पिरिटवर सायीसारखा थर आला. एकदा मात्र ते आईजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "अगो, त्याला ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं फोनवर. काय लावू म्हणून विचारलं मी त्याला." आईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून आता तुम्ही खोटं बोला," ती म्हणाली. "घरात एवढंच राहिलंय." आप्पा उठून आत गेले. मला आप्पांची पाठ आणि ते हसणं आठवलं आणि मी आईला तेही सांगितलं. तिने माझाही शब्द धरला नाही. आम्ही दोघांनी संगनमत केलंय अशी तिची खात्री झाली. दुःखात माणूस हट्टी होतं, आणि आमची आई सुखातही हट्टीच होती.

दिवाळी झाल्यावर मंडणगडचा दत्ताराम आला. भाईच्याच बोटीवर होता, त्याच्या वरच्या बंकवर झोपायचा. भाईची बॅग घेऊन आला होता. किडकिडीत, लाजरा, दारातच उभा राहिला. आईने त्याला पाटावर बसवलं, भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली आणि बॅग उघडली. कपडे. दाढीचं सामान. माझ्यासाठी एक छत्री. आणि तळाशी, टॉवेलात गुंडाळलेला, गोल पत्र्याचा चपटा डबा, वर गाडीचं चित्र, आणि पिवळी मऊ फडकी, कागदी पट्टीत बांधलेली. आईने डबा उलटसुलट केला. "हे काय?"

दत्तारामला काय ठाऊक की आमच्या घरात हा विषय निघत नाही. तो भाकरीचा तुकडा हातात धरून खुलला. "ते गाडीचा पॉलिश काकी! तुम्ही गाडी सोडणानं घासलीत ना?"

आप्पा दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

"फोन करून आला तो हसतच आला," दत्ताराम सांगत होता. "बोलला, दत्त्या, माझ्या आवशीनं गाडी राख लावून घासलीन, ताम्हनासारखी! नि मी विचारतोय बरी हाय का, तर बोलते, कोण हात लावतंय तिला! सगळ्या बोटीला सांगितलान. आमचा कप्तान बिहारी, त्याला पण सांगितलान. पुढच्या बंदराला उतरून हा डबा घेतलान. मी बोललो, आईला रागावणार काय रे? तर बोलला, येडा हायस काय. तिला दाखवणारच नाय मला ठाऊक हाय म्हणून. बोलणार, आई, हा नवीन पॉलिश आणलाय, जरा लावून बघूया, तू पण ये."

आईने विचारलं, "हसला?"

"हां काकी. जेवताना पण हसत होता."

"रागावला नाही."

"नाय हो! चपलांचं पण सांगितलान. पावसच्या."

"परत सांग," आई म्हणाली. "पहिल्यापासून सांग." त्या पोराने पुन्हा सांगितलं. भाकरी गार झाली. आईने पुन्हा विचारलं, फोन करून आला तेव्हा काय बोलला, कसा बोलला, आणि त्याने पुन्हा सांगितलं. मध्येच कुठेतरी आईच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं हुंदका. पण ती हसली होती. मग ते हसणं मोडलं आणि ती अशी रडली की शेजारच्या बायका कुंपणापाशी आल्या. इतके महिने ती पोरासाठी रडलीच नव्हती. खोट्यासाठी रडत होती. आता पोरासाठी रडली. आप्पा पुढे येऊन तिच्या बाजूला जमिनीवर बसले. "मी बोललो होतो ना गो," एवढंच ते म्हणाले, आणि त्यांच्याही डोळ्यांना धार लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने खोळ काढली. आप्पा पोटली घेऊन आले तर तिने ती त्यांच्या हातातून घेतली आणि म्हणाली, "तुम्ही बसा." भाईने आणलेला डबा तिने स्वतः उघडला. त्याचा वास वेगळा होता, लिंबासारखा. तिने बसून डावं दार घेतलं, मग मागचं दार, मग डिकी. रोज सकाळी, ऊन यायच्या आत, तळहाताएवढी जागा. पुढून मागे, वारा जातो तसा. जोर अजिबात नाही. ज्या बाईने देवाचं नाक झिजवलं तिचा हात इतका हलका होऊ शकतो हे आप्पांनी पाटावर बसून पाहिलं आणि ते एकदाही बोलले नाहीत. मधूनमधून ती थांबून पिवळ्या फडक्यावरचा निळा रंग बघायची आणि फडकं उलटं करायची. पदरालाही निळा डाग पडला होता, तो तिने कधी काढला नाही.

ती गाडी पुढे विकली. कधी, कुणाला, त्याला आता अर्थ नाही. आप्पा गेले, आईही गेली. माझ्याकडे राहिला तो डब्याचा तळ, त्यात मी सुया ठेवते.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. डिकी संपली तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. आईने मला हाक मारली. "बाय, तुझी नजर चांगली. बघ, दिसतंय काय कुठं." मी गाडीभोवती फिरले, डावीकडून, उजवीकडून, वाकून, टाचा वर करून. निळ्या पत्र्यावर सूर्य होता, एकटाच, भोवती काही नाही. मी सरकले तसा तो सरकला, पण एकटाच. "नाही दिसत," मी म्हटलं. "कुठेच नाही."

आईने स्वतः एक फेरी मारली. मग हात पदराला पुसले, डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि समुद्राकडे बघून म्हणाली, "आता येऊ दे त्याला."